पेणच्या पाहुण्यांसाठी करवंदाचं पेय

माझे सासरे वीस वर्षं मुंबईच्या एका साहेबी क्लबात दारू मिसळायचं काम करत होते, हे मला लग्नानंतर चौथ्या महिन्यात कळलं. तोवर मला सांगण्यात आलं होतं की ते तिथे हेडक्लार्क होते. सांगणाऱ्या अर्थात सासूबाई. ही हेडक्लार्की त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली होती, की पुढे पुढे त्यांचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसला असावा. मला खरं कळलं ते खुद्द मामंजींकडून, आम्ही दोघं मागच्या पडवीत कोकमं फोडत बसलो असताना. त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की माझ्या हातातलं कोकम हातातच राहिलं.

दारूबंदी आली, क्लबातला त्यांचा कोपरा बंद झाला आणि ते पनवेलला घरी येऊन राहिले. पण हात काही गप्प बसेनात. मग त्यांनी फळं धरली. मागच्या पडवीत त्यांचा सगळा सरंजाम होता. घट्ट झाकणाचा एक पितळी डबा, गाळायला दोन मऊ पंचे, खलबत्ता, लिंबं आणि गावठी पुदिन्याची कुंडी. डब्यात रस, पाक, चिमूटभर मीठ घालून ते तो कानाजवळ धरून हलवायचे. आवाज बदलला की झालं, म्हणायचे. मला तो आवाज बदललेला कधीच ऐकू आला नाही, पण मी मान हलवायची.

मी वाईची. आमच्याकडे पेय म्हणजे उसाचा रस, नाहीतर लिंबाचं सरबत, तेही पाहुणा जरा बरा असला तर. इथे प्रत्येक महिन्याचं पेय वेगळं. चैत्रात ओल्या कोकमाचा रस शहाळ्याच्या पाण्यात. कैरी चुलीत भाजून तिच्या गरात गूळ आणि मिरी. ताडगोळे ठेचून त्यात आल्याचा रस आणि लिंबू, हे तर मी आजही कोणाला सांगितलं की लोक तोंड वाकडं करतात आणि प्यायल्यावर आणखी मागतात. थंडीत आवळा, बोरं, चिंच. मामंजी याला कॉकटेल म्हणत. सासूबाईंना पेय चालायचं, तो शब्द मात्र घरात चालत नसे. शेवटी मिश्रण या शब्दावर दोघांची तडजोड झाली होती.

"साहेबांच्या पेल्यातसुद्धा खरं तर फळच बोलायचं," मामंजी म्हणत. "दारू नुसती मागे उभी असायची. आता मागची गेली, एवढंच."

कुठलंही मिश्रण चाखल्याशिवाय ते कोणाला देत नसत. चाखायची त्यांची तऱ्हाही निराळी होती. परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडायचा, तो रसात बुडवून वरचं तोंड बोटाने दाबायचं आणि देठात अडकलेला तेवढाच रस जिभेवर सोडायचा. मला ते इतकं आवडायचं की मी उगीच चार-चारदा चाखायची. "चाखणं आणि पिणं यात फरक असतो, सूनबाई," ते म्हणायचे, आणि देठ माझ्या हातून काढून घ्यायचे. ते दिवस फार मजेचे गेले, हे मी आता सांगते. तेव्हा मात्र सासर म्हटल्यावर मजा वाटली तरी ती दाखवायची नसते असा माझा समज होता.

वैशाखात वन्संसाठी, म्हणजे आमच्या ह्यांच्या बहिणीसाठी, स्थळ आलं. वन्सं बावीस वर्षांच्या, म्हणजे त्या काळी जरा उशीरच झालेला. आधी दोन स्थळं पाहून गेली होती आणि दोन्हीकडून कळवतो म्हणून काहीच कळलं नव्हतं. हा मुलगा पेणचा, शाळेत मास्तर. वन्संनी त्याला एका लग्नात दुरून पाहिलं होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण पेणचं नाव निघालं की त्या हातातलं काम जास्तच लक्ष देऊन करू लागायच्या. म्हणजे कळायचं ते कळत होतं. हे लग्न जमावं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. अडचण एकच. मुलाचे वडील खादीवाले, दारूबंदीच्या सभांतून गावोगाव भाषणं करणारे. दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवणार नाही, असं त्यांचं व्रत होतं.

सासूबाईंनी हुकूम काढला. "अहो, तुम्ही त्या दिवशी ओटीवर नुसते बसा. क्लबाचं विचारलं तर फायलींचं काहीतरी सांगा. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

मामंजी सगळ्याला हो म्हणाले. फक्त म्हणाले, "पाहुण्यांना माझं करवंदाचं द्या. चहा काय, कुठेही मिळतो."

सासूबाई ऐकेनात. तेव्हा वन्सं, ज्या सहसा आईपुढे बोलत नसत, त्या म्हणाल्या, "बाबांचं पेय नसेल तर मी पोहेही घेऊन जाणार नाही." झालं. पेय मामंजींनी आदल्या दिवशी करून ठेवायचं आणि पाहुण्यांपुढे मी न्यायचं, असं ठरलं.

करवंदं कर्नाळ्याच्या डोंगरातली एक बाई आणून द्यायची. शनिवारी सकाळी तिने पळसाच्या पानांत काळीभोर, टपोरी करवंदं आणली. "हिरवी एक पन नाय त्यात," ती म्हणाली, आणि खरंच नव्हती. मामंजींनी ती मिठाच्या पाण्यात बुडवून चीक काढला, कुस्करली, दोनदा गाळली. गुळाचा पाक, मिरी, पुदिना, लिंबू. देठाने चाखलं, मलाही चाखवलं. इतकं सुरेख झालं होतं की मी त्यांना म्हटलं, मामंजी, हे प्यायल्यावर ते हुंडासुद्धा मागायचे नाहीत. ते हसले आणि म्हणाले, आता फक्त गार झालं पाहिजे.

गार करायचं कसं, हा प्रश्न होता. पनवेलात बर्फ यायचा तो मासळीसाठी, भुशात बांधून. तो पेयात घालायची कल्पनासुद्धा सासूबाईंना सहन झाली नसती. म्हणून मी माझी अक्कल चालवली. बाजारात गव्हाणकडची एक बाई मडकी घेऊन बसली होती. मी नवं मडकं उचललं तर तिने मला थांबवलं.

"बाय, नव्याला मातीचा वास येल. यो जुना हाय, गार पन लवकर करतो."

अरुंद गळ्याचं, पोटाला काळपट झालेलं मडकं होतं ते. मला तिचं म्हणणं पटलं. माठ मुरलेला असावा, एवढं वाईतही कळतं. ते आधी कशासाठी वापरलं होतं, हे मी विचारलं नाही. घरी आणून दोनदा पाण्याने विसळलं, पेय त्यात ओतलं, ओलं फडकं गुंडाळलं आणि स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळूवर बसवलं. कोणाला सांगितलं नाही. उद्या सगळे म्हणतील, किती गार, आणि मग मी सांगेन, असा माझा बेत होता.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. आमच्या ह्यांना मुंबईहून रजा मिळाली नव्हती, त्यामुळे ओटीवर मामंजी एकटेच. मी ओलं फडकं सोडून मडकं दाराच्या उजेडात ओढलं, तोंड उघडलं तर वर बारीक फेस. मला वाटलं मामंजींनी मागाहून सोडा घातला असेल, त्यांचं काही सांगता येत नाही. चाखायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी पेले भरले आणि नेले.

मुलाच्या वडिलांनी एका दमात पेला रिकामा केला. "वा," ते म्हणाले, "जिभेला काय छान चुणचुणतंय. कशाचं म्हणायचं हे?" करवंदाचं, असं सासूबाईंनी दाराआडून सांगितलं. मुलाने वन्संकडे पाहिलं, वन्संनी पोह्यांच्या ताटलीकडे पाहिलं. सगळं इतकं छान चाललं होतं की माझा जीव भांड्यात पडला. वडिलांनी आणखी मागितलं. मी दुसरा पेला दिला आणि मग, यजमानांनी शेवटी घ्यायचं म्हणून, मामंजींना त्यांचा.

मामंजींनी पेला नाकाशी नेला. एक घोट घेतला. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत ते मडकं दिसत होतं, तिकडेही त्यांनी पाहिलं. मग ते उठले आणि मुलाच्या वडिलांच्या तोंडाशी गेलेल्या पेल्यावर त्यांनी आपला तळहात ठेवला.

"थांबा. हे पिऊ नका."

मुलाच्या आत्यानेही आपला पेला खाली ठेवला.

"हे फसफसलंय," मामंजी म्हणाले. "थोडी का होईना, यात दारू झाली आहे. चूक माझी आहे."

दोष मी आणलेल्या मडक्याचा, हे मला त्या क्षणी कळलं; ते कशाचं होतं, ते मागाहून. दारूबंदीनंतर ताडाच्या झाडांवरची मडकी उतरवून लोकांनी मिळेल त्याला विकून टाकली होती. ताडी त्यांच्या मातीत वर्षानुवर्षं मुरलेली. असल्या मडक्यात वैशाखातला गोड रस एक दिवसरात्र ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे पनवेलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाईला ताड नाहीत.

मुलाच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "एका घोटात तुम्हाला कसं कळलं?"

याला शंभर उत्तरं देता आली असती. घरी कधी व्हिनेगर करतो, असं म्हणता आलं असतं. दाराआड सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

"मी क्लबात हेडक्लार्क नव्हतो," मामंजी म्हणाले. "वीस वर्षं साहेबांसाठी दारू मिसळत होतो. माणसाने मागितलं नाही ते त्याच्या पेल्यात जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या कामाचा नेम. तुमचं व्रत मला ठाऊक आहे. पहिला पेला गेला, त्याची क्षमा मागतो. दुसरा मी जाऊ देणार नाही."

मुलाच्या वडिलांनी पेला खाली ठेवला. पाणी मागितलं, अंगणात जाऊन खळखळून चुळा भरल्या. मग परत येऊन बसले, पोहे खाल्ले, हवापाण्याचं बोलले. जाताना म्हणाले, "कळवतो." ते ऐकून वन्सं आत गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसल्या.

पुढचे आठ-नऊ दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. सासूबाईंनी मामंजींशी अबोला धरला. वन्सं रडल्या नाहीत, त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मामंजींनी मडकं केळीच्या बुंध्याशी रिकामं केलं, फोडून टाकलं आणि त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आणि मी? मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं, मडकं मी आणलं म्हणून. सासूबाई समोर आल्या की घागर उचलून पाण्याला जायची. मी भित्री होते. माझ्या चुकीचं खापर एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या डोक्यावर घेतलं होतं आणि मी ते घेऊ दिलं होतं.

मग पेणहून पोस्टकार्ड आलं. मुलाच्या वडिलांनी स्वतः लिहिलं होतं. पहिले तीन दिवस मनाला फार लागलं, असं त्यांनी सरळ कबूल केलं होतं. पण जो माणूस आपल्या मुलीचं जमत आलेलं लग्न पणाला लावून दुसऱ्याचं व्रत सांभाळतो, त्याच्या घरातली मुलगी आपल्या घरी यावी असं वाटतं. मुलगी पसंत आहे. लग्नात पाहुण्यांना करवंदाचंच पेय द्यावं, मात्र ते आपण आधी स्वतः चाखावं, ही विनंती. सासूबाईंनी कार्ड दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि हसत हसत मामंजींना हाक मारून चहाला बोलावलं. वन्सं परसात कुठेतरी पळाल्या.

मला मात्र आता एक क्षणही राहवेना. मामंजी पडवीत पहिल्या जांभळांच्या बिया काढत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बाजार, ती बाई, मडकं.

त्यांनी मान वर केली नाही. "त्याच्या गळ्याला दोरीचा वळ होता," ते म्हणाले. "ताडीचं मडकं ओळखायला मला वेळ लागत नाही. मी ओटीवरूनच पाहिलं होतं."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"त्या दिवशी ओटीवर एका मुलीचं लग्न जमायचं होतं," मामंजी म्हणाले. "आणि दुसरी हातात पेले घेऊन उभी होती. तिला या घरात येऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. एकीसाठी दुसरीला कशी पुढे करू?"

त्यांनी जांभळाचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी पाटावर बसले आणि बिया काढता काढता रडले. त्या घरात मी आधीही रडले होते, पण चुलीच्या धुराचं निमित्त करून. त्या दिवशी मला निमित्त लागलं नाही.