पंचातली पाचवी चीज

"पाच पाहिजेत वं. त्याबिगर पंच कसा म्हनाचा त्याले?"

असं म्हणत काका डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत. संत्री, पेरू, बोरं, पाकात मुरवलेलं आलं. अंगठा मात्र उभाच राही आणि कपाटाकडे वळे. कपाटावर जाड हिरव्या काचेची एक बाटली उभी होती. ती पाचवी.

तुमच्याही शेजारी असं एखादं घर असेल, जिथली एक वस्तू साऱ्या गल्लीला पाठ असते. मी उमरेडहून नागपूरला बी.एस्सी.साठी मामांकडे आले, तेव्हा रेल्वे क्वार्टरमध्ये भिंतीपलीकडे हे काका राहत. एकटेच. स्टेशनच्या उपाहारगृहात वाढप्याचं काम करता करता त्यांचे केस पिकले होते. कुणा साहेबाने गाडी सुटताना खूश होऊन ती बाटली त्यांच्या हाती दिली होती. फेसाळणारी विलायती वाईन.

नाताळला काका पंच नावाचं पेय करत. स्टीलच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चार चिजा घालत आणि पाचवीच्या जागी गोटीसोडा ओतत. आम्ही मिटक्या मारत पीत असू. ते म्हणत, "हा खोटा आहे. खरा पाजीन एक दिवस साऱ्याइले."

बंद बाटलीत इतकी वर्षं बुडबुडे राहतात तरी कुठे, हे मला काही केल्या कळत नव्हतं. एकदा भीत भीत विचारलं.

"झोपून राहिले," काका म्हणाले. "बूच निघालं का उठतीन."

माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून पंचशीलातल्या पाचव्या शीलाप्रमाणे आमच्या घरी दारू वर्ज्य. खरा पंच मला चालणार नाही, हे मी चाचरतच सांगितलं. वाटलं, त्यांना राग येईल. ते हसत सुटले. "तुहं पाचवं शील अन् माही पाचवी चीज, दोघाइचं पटत नाही म्हन! तुहा गिलास मी आधीच काढून ठेवीन."

मग काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडायच्या आधीचा तो शेवटचा नाताळ. दुपारी सारी गल्ली त्यांच्या अंगणात जमली.

"आज तरी उघडता का," मामी म्हणाल्या, "का पेटीत घालून संगं नेता?"

"आज खरा पाजल्याबिगर जात नाही," काका म्हणाले.

माझा ग्लास त्यांनी खरंच आधी भरला, सोडा घालून. मग बाटली घेतली. बायकांनी कानांवर हात ठेवले. बूच मुकाट्याने निघालं, अर्धं तर चुरा होऊनच. वाईन गंजात पडली ती फिक्या चहासारखी. काकांनी गंजाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मेले वाटते," ते हळूच म्हणाले.

अशी बाटली आडवी ठेवायची असते, नाहीतर बूच वाळतं आणि बुडबुडे उडून जातात, हे मी पंधरा दिवसांपूर्वीच लायब्ररीत वाचलं होतं. सांगायचं धाडस झालं नव्हतं. सांगून तरी काय झालं असतं, असं मी आजही स्वतःला म्हणते.

तेवढ्यात माझ्या हातातल्या ग्लासातली फसफस मला ऐकू आली. मी तो त्यांच्या कानाशी नेला. "काका, हे जागे आहेत."

त्यांनी ऐकलं. मग घोटभर प्यायले, आणखी एक घोट घेतला. गंज उचलून मोरीत रिकामा केला, विसळला आणि पुन्हा अंगणात आणून ठेवला. "बसून काहून राहिले सारे? संत्री सोला!"

सोड्याच्या बाटल्या आल्या. गोट्या टकाटक आत पडल्या. काकांनी बोटं मोजायला घेतली, चार मिटली आणि अंगठ्यापाशी थांबले.

"मंग इतके साल खोटा कोन्ता होता वं?" त्यांनी मला विचारलं.

आठवड्याने त्यांचं सामान टेम्पोत चढलं. रिकामी बाटली त्यांनी मामींच्या मनीप्लांटला देऊन टाकली. टेम्पो वळताना त्यांनी हात बाहेर काढला. निरोपाला आपण पंजा हलवतो. त्यांची मूठ होती, अंगठ्यासकट मिटलेली.