बेवारस शेपटी

तिसऱ्या घावाला खुंट जमिनीत इतका सुळकन गेला, की मला वाटलं, आपल्या मनगटात एकदाचा जोर आला. पुढच्याच क्षणी जमिनीतून पुरुषभर उंच फवारा उडाला. मैदानाखालून ग्लायडिंग क्लबच्या टाकीकडे जाणारी पाण्याची पाइपलाइन मी बरोबर मधोमध फोडली होती. वाऱ्याने उलटू नये म्हणून ग्लायडर बांधायचं होतं, त्यासाठीचा हा खुंट. ग्लायडर कोरडं ठणठणीत राहिलं. भिजले ते पाहणीला आलेले क्लबचे सेक्रेटरी.

"कोण आहे हा?" चष्मा पुसायला कोरडं कापड शोधत त्यांनी विचारलं.

"माझ्या बायकोचा भाचा," थोरले काका म्हणाले. एरवी मी त्यांचा भाचा असतो. "मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय."

"खोदकामातला?"

त्या दिवसापासून मैदानावर माझं नाव डिप्लोमा पडलं. नाव पडलं त्याचं काही नाही; पण सेक्रेटरींनी ओल्या कपड्यांतच नवा नियम काढला. घणाने ठोकायचं काहीही चालणार नाही. हाताने फिरवून बसवायचं, तेही पाइपलाइन सोडून. दोन पंख आणि शेपटी, तिन्ही ठिकाणी बांधलेलं पाहिजे. शनिवारी ते स्वतः येऊन प्रत्येक खुंट हलवून बघणार. एक जरी ढिला निघाला, तर ग्लायडर मैदानाबाहेर.

"बाहेर म्हणजे कुठे?" काकांनी विचारलं.

"तुमच्या गच्चीवर न्या, नाहीतर भंगारात. मला काय!"

काकांच्या घराला गच्ची नाही, आणि क्लबची शेड क्लबच्याच ग्लायडरांनी भरलेली. मैदानावरची जागा गेली म्हणजे ग्लायडर विकणं आलं. ते गेलं की थोरल्या काकांच्या वयाच्या माणसाला दुसरं कोण देणार? उडण्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. यंदा डॉक्टरांनी सही करताना पेन दोनदा उचलून ठेवलं होतं, हे मावशीने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी ते पेन उचलतीलच याची खात्री नव्हती. म्हणजे हातात होता तो एवढाच हंगाम.

आता या माणसाविषयी. थोरले काका बस डेपोत फिटर होते. सगळी नोकरी गाड्यांखाली उताणं पडून केली. ते म्हणत, "जन्मभर बसचं पोट बघितलं, आता जरा वरून टप बघू." क्लबचं विंच, म्हणजे ग्लायडरला दोराने ओढून आभाळात सोडणारं यंत्र, एकदा बंद पडलं. ते काकांनी दुरुस्त केलं आणि मजुरीऐवजी उडायला शिकवा म्हणाले. शिकवणाऱ्याला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, कारण काका प्रत्येक सूचनेला "ते का?" म्हणून विचारत आणि उत्तर पटलं तरी मान हलवत नसत. स्वभाव म्हणाल तर पटाशीसारखा. हातातलं हत्यार चुकलं तर ते हत्यार फेकणार, आणि नेम माझ्या दिशेने. गोड बोलणं त्यांना वंगण वाटतं. जिथे आवाज येतो तिथेच ते लावायचं, आणि त्यांच्या मते त्यांच्यात आवाज येत नाही.

हे ग्लायडर त्यांनी एकट्याने घेतलेलं नाही. अर्धं त्यांचं, अर्धं त्यांच्या साडूचं, म्हणजे माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांचं. धाकटे काका वीज कंपनीत मीटर तपासत. दोघांनी एकाच उत्साहात पैसे घातले आणि पहिलं वर्ष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून काढलं. मग एकदा धाकट्यांना वर उचलणारी हवा पुरली नाही आणि ते लांब कुणाच्या तरी पिकात उतरले. ट्रेलर घेऊन थोरले गेले, शेताच्या मालकाच्या शिव्या थोरल्यांनी खाल्ल्या, पंखाला पडलेली भेगही थोरल्यांनीच भरली. रात्रीच्या जेवणाला धाकटे दोन्ही बहिणींदेखत म्हणाले, "माझं लँडिंग उत्तम होतं, जमीनच चुकीची होती."

त्या दिवसापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. वाटणी झाली ती अशी: डावा पंख थोरल्यांचा, उजवा धाकट्यांचा. धुवायचा आपापला, बांधायचा आपापला. ग्लायडरला पोटाखाली एकच चाक असतं, कुणी धरलं नाही तर ते एका पंखावर कलतं. कुणाचा पंख जमिनीला टेकायचा यावर एवढं रामायण झालं, की शेवटी दोन्ही बाजूंना लाकडी घोडे आणले. उडायचे वारही वेगळे. एकमेकांशी बोलणं बंद, आणि बोलावंच लागलं तर मधे मी.

शेपटी कुणाच्या वाट्याला आली नव्हती. तिच्याखाली मी कधीतरी एक वीट ठेवली होती, तेवढीच तिची व्यवस्था.

नियम निघाला त्याच संध्याकाळी थोरल्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम काढलं. ठरलं गिरमिट करायचं. जमिनीत फिरवत उतरवायचा लोखंडी स्क्रू. जाड सळई, तिच्या खालच्या टोकाला पोलादाची गोल चकती, वरच्या टोकाला दोर बांधायला कडी. चकतीला कडेपासून मध्यापर्यंत एक काप द्यायचा, ती तापवायची आणि कापाची एक कड वर, एक खाली अशी फाकवायची. मग ती स्क्रूच्या आट्यासारखी माती कापत खाली जाते आणि वरची सगळी माती तिच्या डोक्यावर बसते. ओढून निघत नाही.

"डिप्लोमा, धर पकड. डावी कड वर ओढ."

मी ओढली. चकती लालबुंद होती, धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि काका समोर उभे होते. त्यांची डावी की माझी डावी, हे विचारायला मी जरा उशीर केला.

गार झाल्यावर त्यांनी चकती हातात फिरवून बघितली. बराच वेळ बघितली. मी पकडीपासून दोन पावलं मागे सरलो.

"उलटा पीळ दिलास, गाढवा. सगळं जग उजवीकडे फिरवतं, हे डावीकडे फिरणार!"

"मग डावीकडे फिरवू या की."

"तुझं डोकं फिरवू या आधी."

चकती आधीच सळईला जोडलेली होती. फेकायला लोखंड महाग, ठेवायला अपमान. त्यांनी ते उलटं गिरमिट आपल्या व्हॅनमध्ये मागे भिरकावलं. वरची कडीसुद्धा जोडली नाही, नुसतं भोक पाडलेलं होतं. मग सुलट पिळाचं एक नवं केलं, मला दाराबाहेर उभं करून. बसच्या जुन्या कमानपाट्याची चकती, इंजिनाच्या बोल्टची कडी. खरंच देखणं झालं होतं. ते तसं म्हणायची सोय नव्हती.

मावशी चहा घेऊन आली. एक गिरमिट बघून म्हणाली, "एकच?"

"माझा पंख एकच आहे."

"आणि शेपटी?"

"शेपटी माझ्या एकट्याची आहे का?"

"शेपटी तुम्हा दोघांनाही आहे," मावशी म्हणाली, "सरळ होईल तेव्हा खरी." आणि कपबशी उचलून गेली. काकांनी अजून घोटही घेतला नव्हता.

मी धाकट्यांकडे गेलो. तेही अंगणात गिरमिटच घासत होते. ते कानसेने इतकं गुळगुळीत केलं होतं, की जमिनीत घालावं की कपाटात ठेवावं असा प्रश्न पडावा.

"शेपटीचं काय करायचं, काका?"

"त्यांना सांग, मोठेपणा त्यांच्याकडे आहे, शेपटीही त्यांनीच घ्यावी."

मी परत जाऊन सांगितलं. थोरले म्हणाले, "त्याला सांग, शिकात उतरला तेव्हा शेपटी घालून परत कोण आला होता? मग त्याचीच." त्यांना पिकात म्हणायचं होतं, रागात शिकात म्हणाले. मी निरोप जसाच्या तसा पोचवला. धाकटे खूप वेळ विचार करत होते, यात नेमका अपमान कुठे आहे.

शनिवारी सेक्रेटरी आले ते आभाळाकडे बघत. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला काळं चढत होतं आणि वारा थांबला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. त्यांनी थोरल्यांचं गिरमिट दोन्ही हातांनी हलवलं, पाय रोवून ओढलं. हललं नाही. खुंटा हलवून बळकट करणं काय असतं ते मी प्रत्यक्ष बघितलं. धाकट्यांचंही हललं नाही. थोरल्यांनी तोंड फिरवलं. ते ढिलं निघालं असतं तर त्यांचा दिवस सोन्याचा गेला असता, मग जागा जाते तर जावो.

"आणि इथे?" सेक्रेटरी विटेजवळ उभे होते. "शेपटी कुणाची?"

दोघांनी आपापल्या पंखाकडे बघितलं.

"दोन मालक आणि शेपटी बेवारस! सोमवारी ट्रेलर आणा आणि उचला हे." ते वळले, आणि तेवढ्यात वारा आला.

तो मागून आला, शेपटीकडून. विटेवरून शेपटी हातभर उचलली गेली आणि धप्पकन आपटली. पुन्हा उचलली. पंख दोरांशी ओढ घ्यायला लागले, लाकडी घोडा आडवा पडला. आणखी एक झोत जोराचा आला असता, तर ग्लायडर नाकावर उभं राहून दोर तोडून उलटलं असतं. सेक्रेटरी शेडकडे पळाले. थोरले काका मात्र शेपटीवर पालथे पडले, बसखाली जन्मभर उताणा पडलेला माणूस. त्यांचं वजन पुरेना. शेपटी त्यांच्यासकट उचलली गेली.

"त्याला सांग, नुसता बघू नको!" ते माझ्याकडे बघून ओरडले. धाकटे त्यांच्यापासून चार हातांवर होते.

"त्यांना सांग, येतोय, हात काढा माझ्या जागेवरून!" म्हणत धाकटेही येऊन पडले. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना.

"डिप्लोमा, व्हॅनमधलं आण!"

मी उलटं गिरमिट घेऊन आलो, शेपटीखाली टेकवलं, वरच्या भोकात पहार घातली आणि फिरवायला लागलो. माती नुसती उकरली जात होती. डोळ्यांत धूळ, कानात वारा. मी जीव खाऊन फिरवत होतो आणि ते तसूभर खाली जात नव्हतं.

"उलटं फिरव!" दोघं एकदम ओरडले.

"मी आधी म्हणालो," थोरले म्हणाले.

"त्यांना सांग, आवाज माझा मोठा होता."

मी उलटं फिरवलं. गिरमिट लोण्यात सुरी जावी तसं उतरलं. आता दोर बांधायला कडी नव्हती. नुसत्या भोकाची धार दोर कापून टाकणार, हे मलाही कळत होतं. थोरल्यांनी माझ्याकडे बघितलं, मी थोरल्यांकडे. धाकट्यांनी एका हाताने शेपटी दाबून धरत दुसऱ्या हाताने कमरेची किल्ल्यांची साखळी सोडली. तिला एक छोटी पोलादी कडी होती, स्क्रूच्या खिळीने बंद होणारी. दातांनी किल्ल्या ओढून काढल्या आणि कडी माझ्याकडे टाकली.

"त्यांना सांग, ही माझी आहे. उसनी."

कडी अडकवली, दोर ताणला, गाठ मारली. शेपटी एकदा वर उठू पाहत होती ती तिथेच थरथरून राहिली. दोघंही आणखी बराच वेळ तिच्यावर पडून होते. गरज संपली होती, पण आधी कोण उठणार हा प्रश्न होता.

पाऊस ओसरल्यावर सेक्रेटरी छत्री घेऊन आले, शेपटीचं गिरमिट ओढून बघितलं, मग फिरवून बघितलं. "हे उलटं का आहे?"

"डिप्लोमाने केलंय," दोघं म्हणाले. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत आहे.

"राहू द्या," सेक्रेटरी म्हणाले. "पण हंगाम संपेपर्यंत हात लावायचा नाही त्याला."

समेट वगैरे झाला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने या दोघांना पाहिलेलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, इथे तर सुंभही शाबूत आहे. थोरले काका आपल्या वारी उडतात, धाकटे आपल्या. उतरल्यावर जो तो आपला पंख बांधतो, आणि शेपटी बांधायला मला फोन येतो. थोरल्यांचा फोन आला की पाठोपाठ धाकट्यांचाही येतो, शेपटी नीट बांधली का विचारायला.

त्या आठवड्यात थोरल्यांनी शेडमध्ये एक कडी घडवली. खिळीचे आटेसुद्धा हाताने पाडले. माझ्या हातात देऊन म्हणाले, "देऊन टाक त्याला. मला कुणाचं ठेवायची सवय नाही."

धाकट्यांनी ती उजेडात धरून बघितली, खिळी फिरवून बघितली आणि परत माझ्या हातावर ठेवली.

"छान आहे. पण मला माझीच हवी."

"तुमची शेपटीला आहे, काका. काढली तर..."

"मी कुठे काढा म्हणतोय? त्यांना सांग, घाई नाही. मी थांबलोय." त्यांच्या किल्ल्या टेबलावर सुट्ट्याच पडलेल्या होत्या.

मी निरोप सांगितला. थोरल्यांनी हातातली कानस फेकली, नेहमीच्या दिशेने.