नलूबाई मोंबासाला निघाल्या
नलूबाई लग्न होऊन रेवसजवळच्या गावात आल्या, तेव्हा सासरची मिठागरं बंद पडत आली होती. नवरा दिनानाथ ट्रकवर गेला आणि नलूबाई खाडीतल्या मासेमारीसाठी जाळी हातानं विणून देऊ लागल्या. पुढे यंत्रावरची नायलॉनची जाळी स्वस्तात मिळू लागली आणि तेही काम गेलं.

मग अलिबागच्या रस्त्याला जाळ्यांचाच कारखाना निघाला. जपानातली जाळी विणणारी एक गिरणी बंद पडली होती. तिथलं जुनं यंत्र कारखान्याच्या मालकांनी इथं आणलं. नलूबाई झाडलोटीला लागल्या.

यंत्र धडधडत चाललं खरं, पण पहिलाच माल परत आला. समुद्रात गाठी सरकत होत्या. सुपरवायझर विनेश धाग्याला दोष देत होता. यंत्र बसवायला जपानहून आलेले म्हातारे कारागीर, ओगावा, एकेक भाग उघडून बघत होते. नलूबाईंनी केर काढता काढता जाळ्याचा तुकडा उचलून चाचपला.

"विनेशदादा, धागा बरा हाय. गाठच आवळत न्हाय. एका बाजूनं धागा ढिला येतो."

विनेश हसला. ओगावांना मराठी कळत नव्हतं, पण गाठीची ढिली बाजू दाखवणारी बाईंची बोटं त्यांनी पाहिली. त्यांनी धागा पुढे केला. नलूबाईंनी झटक्यात गाठ मारली, मग ओगावांनी. दोन्ही गाठी हुबेहूब सारख्या! म्हातारबुवा खळखळून हसले आणि त्यांनी एका बाजूच्या रिळांचा ताण वाढवला. गाठी घट्ट बसू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जाळं तपासायचं काम नलूबाईंकडे आलं.

बारा वर्षांनी मालकांनी नवी यंत्रं घेतली आणि ते जुनं केनियात मोंबासा बंदरातल्या एका कंपनीला विकलं. तिथल्या मुलींना शिकवायला कुणीतरी हवं होतं. विनेशनंच बाईंचं नाव सुचवलं.

"दोन महिने? खाशील काय तिकडं?" दिनानाथनं विचारलं.

"मासे तिथंबी हायत की!"

मोंबासात पहिले आठ दिवस खुणांवरच भागलं. अमीना नावाच्या मुलीनं दुभाष्याकरवी विचारलं, "यंत्र इकडे आलं, मग तुमचं काम?"

"एकदा गेलं व्हतं. तवा नवीन शिकले. आता तू शीक."

महिनाभरानं अमीनाचं पहिलं जाळं तयार झालं. नलूबाईंनी एक टोक कमरेला गुंडाळलं, दुसरं तिच्या हाती दिलं.

"वढ!"

अमीनानं पाय रोवून ओढलं. दोघी हसत घसरल्या. गाठ एकही सरकली नाही.