सीईए वाढला त्या सोमवारी

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बी.एस्सी., केमिस्ट्री. त्यामुळे आईच्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोहोचला तेव्हा तिचे सगळे कागद मीच वाचायचो. केमोआधी तिला राधानगरीकडच्या आमच्या गावात गुरवाकडून देवाचा कौल घ्यायचा होता. "फूल उजवीकडं पडलं की आजार बरा होतो व्हय?" असं मी तिला तोडून बोललो. तिनं कौलाचा विषय सोडून दिला. त्या दिवसांत जोतिबापुढं माझे हात जुळायचे, मन जुळायचं नाही.

दोन डोस झाल्यावर एका सोमवारी सीईएचा रिपोर्ट हातात आला. रक्तातल्या या आकड्यावरून केमो लागू पडतेय का याचा अंदाज घेतात, एवढं मी वाचून ठेवलं होतं. आकडा उतरायला हवा होता. तो चांगलाच चढला होता. केमोमुळं आईच्या बोटांना गार पाण्याचा तांब्यासुद्धा सोसत नव्हता, तोंड आतून सोललं होतं. हे सगळं फुकट गेलं? कोल्हापुरातल्या त्या दवाखान्याच्या बाकावर मी तिला म्हणालो, "पुरे आता आई, घरी जाऊ." का म्हणून तिनं विचारलं नाही. शिकलेल्या लेकाचा शब्द. तिनं पिशवी उचलली.

शेजारी इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार बायकोला घेऊन बसला होता. आदल्या दिवशी जोतिबाला जाऊन आला असावा, कानामागं गुलाल तसाच होता.

"का ओ पावणं, डॉक्टरास्नी न भेटताच निघालासा?"

"रिपोर्ट बघितलाय मी. आकडा वाढलाय. बी.एस्सी. हाय मी."

"असशिला की! शाळा तुमची झालीया, आजार म्हातारीला झालाय. तिला तरी इचारलासा?" त्यानं आईच्या हातातली पिशवी काढून बाकावर ठेवली. "बसा मावशी. आमचा नंबर आलाय, आदी तुमी जावा."

मला राग आला. पण आई बसली होती.

डॉक्टर म्हणाले, "केमोच्या सुरुवातीला कॅन्सरच्या पेशी फुटतात, तेव्हा काही जणांचा सीईए थोडे दिवस वर जातो. एका आकड्यावर मी औषध थांबवत नाही. पुन्हा तपासू, स्कॅनही करू." माझी मान वर होईना. आईच्या फुलाला हसणारा मी, कागदावरच्या एका आकड्याला कौल समजून तिला घरी घेऊन निघालो होतो.

बाहेर आल्यावर आईनं जोतिबाच्या डोंगराच्या दिशेनं हात जोडले. मीही जोडले, काही न मागता. बाकावरच्या त्या इचलकरंजीच्या माणसाला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालणार नाही.

पुढं आकडा उतरला, गाठी आकसल्या. वर्षभर आई घरात हिंडली-फिरली, सुनेवर ओरडलीसुद्धा. आता आकडा पुन्हा चढलाय आणि या खेपेला स्कॅनमध्ये गाठीही वाढल्यात. डॉक्टरांनी औषध बदललंय, फार आशा दिलेली नाही. मी आईला काही न लपवता सांगितलं आणि विचारलं, काय करायचं?

"घेऊ की अजून दोन डोस. न्हाई सोसलं तर म्या सांगीन. तू नगं ठरवू."

ठरवणारा मी नव्हतोच, हे समजायला मला एवढा वेळ लागला. आता मी नुसता तिच्याजवळ बसतो. जोतिबाच्या कृपेनं, जवळ बसायला ती अजून आहे.