रात्रपाळी आणि अश्वगंधा

माझा नवरा न्हावा शेव्याच्या एका यार्डात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. कायम रात्रपाळी. सकाळी घरी येऊन आडवा व्हायचा, पण झोप येईल तर शपथ! खाली भाजीवाल्यांची आरडाओरड, वर कुणाच्या तरी घरात टाइल्स फोडणं चालू. कोपरखैरण्यात दिवसा माणसानं झोपायचं तरी कसं? त्याची गालफडं बसली, हात थरथरायला लागले. झोपेच्या गोळीचं नाव काढलं की अंगावर यायचा. मी अगदी मेटाकुटीला आले होते.

शेवटी एका रविवारी त्याला शिरवण्यातल्या वैद्यबाईंकडे ओढत नेलं. सासूबाईही आल्या. बाईंनी नाडी पाहिली, थायरॉइडच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू नाहीत ना, ते विचारलं आणि अश्वगंधेच्या मुळीचं चूर्ण दिलं. थकलेल्या शरीराला यानं बळ येतं, डोकं शांत होतं, झोपेला मदत होते. पण धीर धरा, ही जादू नाही, असंही बजावलं. "रात्री झोपताना कोमट दुधातून घ्या, वर थोडं तूप."

घरात स्वयंपाकघर सासूबाईंचं. तो कामावरून यायच्या आत मी वाशीला ऑफिसला निघालेली असते आणि मी परतेपर्यंत तो ड्यूटीला गेलेला. सकाळी तो पडतो तेव्हा त्या दूध देत असतील, असं मी धरून चालले होते.

मग एका पहाटे फोन आला. ट्रेलर उभ्या कंटेनरवर जाऊन आदळला होता. याचा चालवता चालवता डोळा लागला. कुणाला लागलं नाही एवढंच, पण नोकरी गेली. चूर्णामुळे की आधीच्या साठलेल्या जागरणामुळे, कोण सांगणार? मी सासूबाईंना विचारलं, चूर्ण कधी देत होतात?

"कधी म्हंजी? रातीलाच की! जेवून कामावर निघायच्या आधी. बाईनं रातीलाच सांगितलं व्हतं ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून यानं मान हलवली. नको. आईनं पुढे केलेला पेला यानं कधी परत केला नव्हता, आणि आता तिला काही कळूही द्यायचं नव्हतं. मला दोघांचाही इतका राग आला की जेवण गेलं नाही.

आता तो रात्री घरीच असतो. दूध घेऊन झोपतो, आणि गाढ झोपतो. गालही भरलेत. दिवसभर ड्रायव्हरकी शोधत फिरतो, पण अपघाताचं कळलं की कुणी दारात उभं करत नाही. सासूबाई मात्र अख्ख्या मजल्याला सांगतात, माझं लेकरू बरं झालं. काल दूध देताना त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता घेतील की रं कामावर. झोप लागतीया चांगली."

"घेतील, आई," तो म्हणाला आणि पेला रिकामा करून त्यांच्या हातात दिला.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.