बँकवाल्या पावण्याचं गाव

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नातं न सापडलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात मी अजून पाहिलेला नाही. दारात गॅसवाला आला, मीटर बघणारा आला, नुसता पत्ता विचारायला कुणी थांबला, तरी आबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पावणं, गाव कुठलं?" दुसरा, "कुणाच्यातलं तुमी?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्या माणसाची मावशी आमच्याच कुणाच्या तरी जावेची नणंद निघते आणि चहा टाकला जातो. बाकीचे सिलिंडर बाहेर टेम्पोत उन्हात तापत बसतात. मला या सवयीची भयंकर चीड यायची. चहा मला करावा लागायचा, हेही कारण असेल.

वारणानगरची नोकरी संपवून आबा आणि आई आमच्याकडे राहायला आले आणि आबा लॅपटॉपवर ईमेल शिकले. त्यांची पुंजी बँकेत होती. त्यातूनच आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. आई जिना बसून उतरायची, एकेक पायरी सरकत, आणि कुणी बघतंय असं दिसलं की हसायची. ते हसणं मला बघवत नसे. त्यामुळे बँकेच्या नावाने खोटे मेल येतात, लोक त्यात धुतले जातात, हे वाचल्यावर मी आबांना समोर बसवून शिकवणीच घेतली.

"नाव बँकेचं असतं, पण त्याच्या मागचा पत्ता बघायचा. डोळे मिटून कुणी बटणं दाबल्यासारखा असतो. तुमचं नाव न घेता 'प्रिय ग्राहक' म्हणतात. आजच करा, नाहीतर खातं बंद, अशी घाई करतात. त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही. पासवर्ड आणि ओटीपी तर साक्षात मॅनेजरने मागितला तरी द्यायचा नाही."

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "ते समदं खरं. पण आदी गाव इचाराय नको?"

"आबा, मेलला गाव नसतं."

"माणूसच लिवतोय न्हवं? मग गाव आसणारच की."

आणि त्यांनी खरोखरच विचारायला सुरुवात केली. 'प्रिय ग्राहक, आपले खाते गोठवले जात आहे' असा मेल आला की आबा एका बोटाने टाइप करत. 'नमस्कार. आपले गाव कोणते? आपण कोणाच्यातले?' उत्तर अर्थातच येत नसे. मग आबा चष्मा काढून निकाल देत. "चोर हाय. गाव सांगाय लाजतोय."

उत्तरसुद्धा द्यायचं नसतं, त्यांना कळतं की या पत्त्यावर कुणीतरी आहे, असं मी ओरडून सांगितलं. "हाय की मग. मी काय मेलोय व्हय?" असं म्हणून ते पुढच्या मेलकडे वळले. गल्लीत त्यांची कीर्ती झाली. शेजारपाजारचे लोक मोबाइल घेऊन यायला लागले आणि आबा ओसरीत बसून जिल्ह्याबाहेरच्या चोरांना गाव विचारायला लागले. एकदा त्यांनी खऱ्या बँकेच्या खऱ्या मेललाही गाव विचारलं. तो यंत्राने पाठवलेला, उत्तर कुठून येणार? आबांनी स्वतःच्या बँकेला चोर ठरवलं आणि भांडायला थेट शाखेत गेले. परत आले ते हसतच. मॅनेजरची आत्या शाहूवाडीची निघाली होती.

अशा माणसाला कोण फसवणार, असं मलाही वाटायला लागलं होतं.

आईचं माहेर हातकणंगले. तिचे आईवडील गेले, मामाने घर विकलं आणि तो मुलाकडे परराज्यात गेला. त्यानंतर तिकडून ना कुणी आलं, ना कुणाचा फोन. आई त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण आबांना ते लागलेलं होतं. हातकणंगल्याचा कुणी भेटला की ते त्याला ओढत घरी आणत आणि आईपुढे उभा करत.

त्या रविवारी मी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहून, पिशवी घेऊन घरी आलो, तर आबा लॅपटॉपपुढे बसलेले, अंगावर इस्त्रीचा सदरा. आई शेजारी खुर्चीत, गुडघ्याला तेल चोळत.

"आलास? बस. तुझ्या आजोळचा पावणा गावला," आबा म्हणाले. "बँकेत लागलाय."

एका चोराने उत्तर दिलं होतं! 'सर माझे गाव हातकणंगले. कृपया आज केवायसी पूर्ण करा अन्यथा खाते बंद.' जिल्ह्यातल्या गावांच्या यादीतलं कुठलंही एक नाव त्याने उचललं असणार.

"आबा, आज रविवार आहे. बँक बंद असते."

"हातकणंगल्याची माणसं कष्टाळू. तुझी आईच बघ की."

मी वाकून बघितलं. लिंक उघडलेली होती. बँकेसारखंच पान, खाते क्रमांक भरलेला, पासवर्ड भरलेला. आबांच्या डाव्या हातातला मोबाइल टुंग करून वाजला. ओटीपी आला होता.

"आबा, तो आकडा टाकू नका! आईच्या ऑपरेशनचे पैसे जातील!"

"आरं, तिच्या माहेरचा माणूस तिचंच पैसं नील व्हय? आन् केवायसी न्हाय झाली तर त्याला वरचा सायब बोलंल." त्यांचं बोट बटणावर होतं. मी मोबाइल ओढायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला. त्या वयातही पकड तालमीतली होती.

"थांबा जरा," आई म्हणाली. "तुमी काय लिवलंय त्याला?"

आबांनी घसा साफ केला आणि शाळेत वाचतात तसं वाचलं. "'आपण हातकणंगल्याचे आहात हे वाचून आनंद झाला. आमच्या सौ. तिथल्याच. त्यांचे गुडघे फार दुखतात, पण त्या कधी बोलून दाखवत नाहीत. त्या बसून जिना उतरतात तेव्हा मी घराबाहेर जातो, कारण मला ते सहन होत नाही. त्यांचे ऑपरेशन आहे. आपण एकदा भेटून गेलात तर त्यांना बरे वाटेल.'"

"आन् त्यानं काय लिवलं?"

"'ओके सर. लिंकवर क्लिक करा.'"

आईने हात पुसले. "गुडघ्याचं काय इचारलं न्हाय?"

आबा पडदा वर-खाली करून बघायला लागले. "न्हाय."

"मग त्यो माझ्या गावचा न्हवं. ठेवा त्यो फोन खाली."

आबांनी मुकाट्याने फोन खाली ठेवला. माझी सगळी शिकवणी, पत्ते, लिंका, घाई, एका बाजूला राहिली. मी बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर फोन करून खात्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करून घेतले, पासवर्ड बदलला, आणि पैसे जागच्या जागी आहेत हे दोनदा बघितलं. राग आला होता, पण आबांकडे बघून बोलवेना. ते इस्त्रीच्या सदऱ्यात, मान खाली घालून बसले होते.

"मला वाटलं," ते आईला म्हणाले, "तुझ्या गावचं कोणतरी भेटंल तुला."

आईने माझ्याकडून पिशवी घेतली, खुर्चीला धरून उठली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

"ते मगाचं परत वाचा."

"कुठलं? त्या चोराचं?"

"न्हाय. तुमचं."