गोल झालेला नट

होडीच्या मागे लावायचं आमचं जुनं इंजिन एक आठवडा माझ्याकडे असतं, एक आठवडा दादाकडे. आज निघताना गिअर पुन्हा पडेना. झाकण उघडलं, दादाला शिव्या देत पाना लावला, तर तो सटकला. गिअरच्या दांडीवरचा नट झिजून पार गोल झाला होता. वर्षानुवर्षं दादा तो आपल्या हाताला जमेल तसा ढिला करतो आणि मी माझ्या हातासाठी आवळतो. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची खाटही आम्ही अशीच फिरवत होतो. तो खिडकीकडे, मी दाराकडे. तिला कुणी विचारलं नाही.

"तूच वाट लावलीस त्याची," दादा धक्क्यावरून म्हणाला आणि स्वतःचा पाना घेऊन होडीत उतरला.

त्याचाही पाना सटकला. मला फार बरं वाटलं.